सही करणाऱ्याला आधी खुर्ची

प्रश्न असा आहे: "मी नुकतीच सनद घेतली आहे आणि फोंड्याला एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात शिकते आहे. घरी शिकवण होती की आलेल्याला बसायला सांगावं, पाणी विचारावं, नीट नावानं बोलावं. ऑफिसात मात्र सांगतात, वकिलानं थोडं तुटकच असावं, नाहीतर लोक डोक्यावर बसतात. या बारीकसारीक सौजन्याचा कामाशी खरंच काही संबंध आहे का? असेल तर नेमकं काय करायचं? आणि ऑफिसातच कुणी लोकांवर खेकसत असेल तर माझ्यासारखीनं काय करावं?"

संबंध आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा आहे. गोव्यात जमीन, वारसा आणि वाटणीची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या घरगुती दाव्यांच्या मुळाशी गेलं, की कित्येकदा एकच वाक्य हाती लागतं: "मला कुणी विचारलंच नाही." चार माणसं टेबलाभोवती बसली, कागद झाला, आणि पाचव्याला नंतर कळलं. त्या पाचव्याला वेळेवर सांगणं, बसवणं, त्याचं ऐकून घेणं हेच आपल्या व्यवसायातलं सौजन्य. ते कामाच्या आत आहे, कामाच्या वरची सजावट नाही.

सुरुवात विक्रीखतापासून करते, कारण तुम्ही उद्याच त्याला सामोऱ्या जाल.

गोव्यात लग्नानंतरच्या मालमत्तेचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी तो कौटुंबिक कायदा इथं कायम राहिला. वारसा आणि इन्व्हेंटरीचा (म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या प्रक्रियेचा) भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. घर किंवा भाट, म्हणजे बागायत, विकायचं तर दोघांची संमती लागते, मग उताऱ्यावर नाव एकट्या नवऱ्याचं का असेना. महाराष्ट्रातून येणाऱ्या खरेदीदाराला हे पहिल्यांदा ऐकून नवल वाटतं.

कायद्यानं एवढा मान दिला, पण टेबलाशी त्याचं काय होतं ते बघा. खरेदीदार, दलाल, नवरा आणि वकील खुर्च्यांवर बसलेले. बायको भिंतीला टेकून, पर्स पोटाशी धरून उभी. तासभर बोलणं चालतं, त्यातलं एक वाक्यही तिला उद्देशून नसतं. शेवटी कुणीतरी बोट ठेवतो, "हांगा सय कर," आणि ती करते. अर्ध्या मालमत्तेची मालकीण आणि तिच्याशी झालेला संवाद तीन शब्दांचा. मला याचा आजही संताप येतो.

मी काय करते ते सांगते. नवरा-बायको आत आली की दोन खुर्च्या समोरासमोर नाही, शेजारी-शेजारी ठेवायला सांगते. पहिला प्रश्न तिला: कोंकणीत बोलू की मराठीत? खतं बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून मुख्य गोष्टी मी तोंडी सांगते. कुठली जमीन, सर्व्हे नंबर कोणता, किती चौरस मीटर, किंमत किती, पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि विकल्यावर मागं काय उरणार. मग विचारते, तुम्हाला काही विचारायचं आहे का? आणि गप्प बसते. हे गप्प बसणं सर्वांत कठीण आहे. नवरा मध्येच म्हणतो, "तिका सगळें खबर आसा," म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. त्याला हसून थांबायला सांगायचं. अर्धा मिनिट शांत गेलं की बाई बोलते, आणि बहुतेक वेळा तिचा प्रश्न खोलीतल्या सगळ्यांपेक्षा नेमका असतो. विहिरीकडे जाणारी वाट कुणाच्या हिश्श्यात? घरामागचा फणस जातो का? नणंदेला यातलं काही देणं लागतं का? वाटेचा तो प्रश्न खतात लिहिला गेला नाही, तर पुढं शेजाऱ्याशी दावा ठरलेलाच.

आता याचा व्यावहारिक भाग. करार कायद्यात संमती ही मोकळी असावी लागते. दबावाखाली किंवा फसवून घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं. जिला तिच्या भाषेत समजावून सांगितलं, प्रश्न विचारायला वेळ दिला, ती बाई काही वर्षांनी "मला ठाऊकच नव्हतं" म्हणायला सहसा उभी राहत नाही. उभी राहिलीच, तर त्या दिवशी काय घडलं ते आपण ठामपणे सांगू शकतो. खुर्ची दिल्यानं तुमचं खत पक्कं होतं.

याच ओघात एक गोष्ट, जी पुष्कळ वकील ठाऊक असूनही सांगत नाहीत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम ३८ आहे. शारीरिक दुर्बलतेमुळे धोका किंवा मोठा त्रास सोसल्याशिवाय ज्याला नोंदणी कार्यालयात येता येत नाही, त्याला हजर राहण्यापासून सूट आहे. अशा वेळी नोंदणी अधिकारी स्वतः त्याच्या घरी जातो किंवा तिथं तपासणीसाठी कमिशन काढतो. तरीही नव्वदीतल्या आजोबांना सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या गावाहून गाडीत घालून, मग प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर नेताना तुम्हाला दिसतील. नातवंडं घामाघूम, आजोबा लाजून चूर. अर्ज करायला थोडा वेळ जातो, शुल्क भरावं लागतं, एवढंच. अशिलानं घरी म्हातारं माणूस आहे म्हटलं की आपण होऊन विचारायचं, "त्यांना चालता येतं का?" या एका प्रश्नानं एका वृद्धाचा मान राखला जातो.

नावांचंही तसंच. गोव्यातल्या जुन्या नोंदींत पोर्तुगीज कारकुनांनी आपली आडनावं त्यांच्या पद्धतीनं लिहिली. प्रभू तिथं 'पोरोबो' झाले, कामत 'कामोतीं'. एकाच माणसाच्या जन्मदाखल्यावर एक, सर्व्हेच्या फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) दुसरं आणि आधारवर तिसरं नाव असतं. समोरच्याला सरळ विचारा: तुम्ही नाव कसं सांगता आणि कसं लिहिता? वडिलांचं कसं लिहायचे? माणसाला बरं वाटतं की कुणीतरी त्याचं नाव नीट घ्यायला बघतंय, आणि तुम्हाला फायलीतली तफावत पहिल्याच दिवशी सापडते. ख्रिस्ती अशिलांच्या बाबतीत मराठी ऑफिसांत हा हलगर्जीपणा जास्त होतो. पाच नावांतलं एक गाळलं तर कागद परत येतो.

संबोधनाबद्दल थोडं. वयस्क माणसाला, मग तो कुणीही असो, अहो-जाहो. आपल्याकडे भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, "बसात, बसात" आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला "कितें जाय रे?" (काय हवंय रे?) ही सवय खूप जुनी आहे. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. आज मुंडकार मामलेदारासमोर हक्कानं उभा राहतो, पण वकिलाच्या ऑफिसात अजून दाराशीच घुटमळतो. त्याला आत बोलवा. बांधकामावर काम करणारा कन्नड किंवा हिंदी बोलणारा मजूर पगार थकला म्हणून येतो, त्यालाही तीच खुर्ची, तोच पाण्याचा पेला. न्यायाधीशांशी सगळेच अदबीनं बोलतात, त्यावरून वकिलाची पारख होत नाही. (संबोधनाचा नियम माहीत असावा म्हणून सांगते: बार कौन्सिल ऑफ इंडियानं २००६ मध्ये ठरवल्याप्रमाणे उच्च न्यायालयात 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या कोर्टात 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतला तसाच शब्द. 'माय लॉर्ड' म्हणण्याची गरज नाही.)

आता विरुद्ध बाजू. इथं नवे वकील सर्वांत जास्त गोंधळतात. त्यांना वाटतं, विरुद्ध पक्षाशी नम्र वागलो तर अशिलाला संशय येईल. संशय येतोही. म्हणून अशिलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं: मी त्यांना नमस्कार करीन, त्यांच्या वकिलांशी हसून बोलीन, आणि तुमची बाजू पूर्ण ताकदीनं मांडीन. आधी सांगितलं की लोक समजून घेतात.

सीमा मात्र स्पष्ट हवी. विरुद्ध पक्षानं वकील दिला असेल, तर दाव्याच्या विषयावर त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या वकिलामार्फतच बोलायचं. हा बार कौन्सिलच्या आचारसंहितेतला नियम आहे. पोर्चमध्ये भेटलेल्या आजींना "बऱ्या आहात ना?" विचारणं सौजन्य आहे. "आजी, कशाला भांडता, सोडून द्या" म्हणणं नियमभंग आहे, कितीही गोड आवाजात म्हटलं तरी. तसंच दुसऱ्या वकिलाचा वकालतनामा असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय उभं राहायचं नाही. संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागायची. अशील घाईघाईनं फाईल घेऊन येतो, आधीच्या वकिलाला शिव्या घालतो. त्यात सामील होऊ नका. आधीच्या वकिलांना स्वतः फोन करा, त्यांची फी राहिली असेल तर ती द्यायला अशिलाला सांगा.

तारखेचं सौजन्य तर कुणी शिकवतच नाही. उद्या तुम्हाला तारीख वाढवून मागायची आहे हे आज दुपारी ठाऊक असेल, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला आज संध्याकाळीच कळवा. उच्च न्यायालयाचं गोव्यातलं कामकाज २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत चालतं. काणकोणाच्या माणसाला तिथं वेळेवर पोचायचं तर पहाटेच निघावं लागतं, मध्ये बस बदलावी लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते. तो येऊन बाकावर बसतो आणि अकरा वाजता कळतं की आज काही होणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशानं सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी न देण्याचं बंधन घातलं आहे, खर्चही लादता येतो. पण आदल्या संध्याकाळचा फोन कुठल्याही संहितेत लिहिलेला नाही. तो तुम्ही करायचा. आणि फोनवरूनच आठवलं, दुपारी दीड ते चार या वेळात फार तातडीचं नसेल तर कुणाच्या घरी फोन करू नका. बाहेरून आलेले लोक गोव्याच्या त्या विश्रांतीची टिंगल करतात, आपण करू नये.

नोटिशीविषयी मी फार आग्रही आहे. भावाभावांतली वाटणीची नोटीस ही बहुतेकदा त्या घरातलं पहिलं इंग्रजी भांडण असतं. पोस्टमन दारात, शेजारी बघतायत, आणि कागदावर सख्ख्या भावाला उद्देशून लिहिलंय की आपण कपटानं, बेकायदेशीरपणे वगैरे. मजकूर वकिलाचा असतो, पण ऐकणाऱ्याला तो भावाच्या आवाजात ऐकू येतो. अर्वाच्य, मर्यादा सोडलेली भाषा टाळावी हे आचारसंहितेतही आहे. विशेषणं काढून टाका. मागणी काय, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांत उत्तर हवं एवढं लिहा. अशील म्हणेल, "मॅडम, जरा कडक लिहा." त्याला सांगायचं की कडकपणा मुद्द्यात असतो.

आणि वेळ बघा. मुदतीचा प्रश्न नसेल तर मी चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात घरातल्या घरात नोटीस पाठवत नाही. आपल्याकडे चवथीला मुंबईचे, पुण्याचे, आखातातले सगळे मूळ घरात जमतात. गणपती एकच असतो, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळी सगळे मिळून बांधतात. त्याच आठवड्यात नोटीस पडली तर ती माणसं एका छताखाली पाठ फिरवून जेवतात, आणि ती चवथ कुणी विसरत नाही. ख्रिस्ती कुटुंबात गावच्या चर्चचा उत्सव, म्हणजे फेस्त, आणि नाताळ यांचा तसाच विचार करा. उलट मी अशिलाला सुचवते, चवथीला जाताय तर आधी मोठ्या भावाजवळ बसून स्वतः सांगा की वाटणी करून घ्यायची आहे, कागद नंतर येईल. काही जणांचं काम तिथंच मिटतं. माझी फी जाते, त्याचं मला काही वाटत नाही.

वाटणी कोर्टात आलीच, तर इन्व्हेंटरीच्या प्रक्रियेत एक टप्पा असतो ज्याला आम्ही लिसिटेशन म्हणतो. मालमत्तेची यादी आणि किमती ठरल्या की वारस आपापसांत बोली लावतात. ज्याची बोली जास्त त्याला ती वस्तू मिळते, आणि त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त घेतलं तर फरकाचे पैसे इतर वारसांना द्यावे लागतात. हिशेबाच्या दृष्टीनं पद्धत चोख आहे. पण बघताना छातीत धस्स होतं. ज्या घरात सगळ्यांचा जन्म झाला, त्यावर भाऊ-बहिणी एकमेकांसमोर आकडे बोलतात. परदेशात कमावणारा धाकटा आकडा वाढवत जातो आणि आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळणारी मोठी बहीण गप्प होते.

इथं वकिलानं काय करायचं? आदल्या दिवशी त्या बहिणीला बोलावून सगळं समजावायचं. बोली म्हणजे काय, तिचा हिस्सा रुपयांत किती, कुठपर्यंत जाणं तिला परवडेल, घर गेलं तर हातात किती येतील. उद्या मध्येच रडू आलं तर लाजू नका, मी कोर्टाकडे पाच मिनिटं मागेन, हेही सांगायचं. तुम्ही धाकट्याच्या बाजूनं असाल तर त्याला सांगा, बोली जिंकल्यावर हसू नका, आणि बाहेर आल्यावर बहिणीच्या आधी गाडीत बसून निघून जाऊ नका. तिच्याकडे वकील नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. ही माहिती तिला मिळेल असं बघा, ती तुमच्या विरुद्ध बाजूला असली तरी. सल्ला देऊ नका, रस्ता दाखवा.

कोर्टाच्या कर्मचाऱ्यांबद्दल सावधपणे सांगते. शिरस्तेदार, बेलीफ, कारकून, शिपाई यांच्याशी नावानं आणि आदरानं बोला. फाईल मागताना आधी त्यांचं हातातलं काम संपू द्या. काम झाल्यावर "देव बरें करूं" म्हणून आभार माना, तेही त्यांच्याकडे बघून. पण चहापाण्याच्या नावाखाली पाकीट सरकवणं हा सौजन्याचा प्रकार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. ज्याला आपण माणूस म्हणून मान देतो, त्याला विकत घ्यायला जात नाही. दिवाळीला सगळ्या ऑफिसला फराळाचा डबा देणं आणि फक्त फाईल असलेल्या टेबलावर डबा ठेवणं यातला फरक तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

सौजन्याच्या नावाखाली एक चूक सर्रास होते: वाईट बातमी सांगायचं टाळणं. दाव्यात दम नाही हे दिसत असताना "बघूया, करूया" म्हणत राहणं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण गोड बोलतो, आणि तो दर तारखेला मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे खर्च करतो. पहिल्या भेटीतच फी सांगा, अंदाजे किती वर्षं लागतील ते सांगा, बाजू कच्ची असेल तर कच्ची आहे म्हणून सांगा. सांगताना दार लावून घ्या, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये. नंतर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, लगेच पुढच्या अशिलाला हाक मारू नका. मूळ कागद पावती देऊन घ्या आणि काम संपताच त्याच क्रमानं परत करा. आजोबांच्या काळातला पोर्तुगीजमधला कागद वाचता येत नसला तरी घरच्यांनी तो पिढ्यानपिढ्या कपाटात जपलेला असतो. त्याला भोक पाडून फाईलला लावू नका.

लोक डोक्यावर बसतात का? काही बसतात. त्याला उपाय वेळा ठरवून देणं हा आहे. रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपाला सकाळी उत्तर द्या, आणि असंच करणार आहे हे आधी कळवून ठेवा. तुटकपणाची गरज लागत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ज्येष्ठ खेकसत असतील तर त्यांना सगळ्यांसमोर शिकवायला जाऊ नका, त्याचा राग अशिलावरच निघेल. अशील बाहेर आला की तुम्ही त्याच्याबरोबर पायरीपर्यंत जा. आत काय ठरलं ते त्याच्या भाषेत पुन्हा सांगा, पुढची तारीख कागदावर लिहून द्या, त्या दिवशी कुठले कागद आणायचे आणि त्यानं स्वतः यायची गरज आहे की नाही तेही लिहा. यात ज्येष्ठांविरुद्ध एक अक्षरही बोलायचं नाही. थोड्या महिन्यांत अशील आत जाण्याआधी तुम्हाला शोधू लागतील, आणि ज्येष्ठांच्या ते लक्षात येईल. आल्यावर कदाचित ते चिडतील, कदाचित पुढचा अशील ते तुमच्याकडेच पाठवतील. चिडलेच, तर एकांतात सांगा की लोकांना तारखा कळत नव्हत्या म्हणून लिहून देते. त्यावरही त्यांनी मनाई केली, तर मात्र दुसरं ऑफिस बघा. फोंड्यात आणि पणजीत अशी ऑफिसं आहेत जिथं दोन खुर्च्या आधीच मांडलेल्या असतात.